मदत हवी आहे: फ्लॅश मारला की आजी पांढरीफटक, नाही मारला की सगळं हललेलं

मंडळी, पुढच्या रविवारी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. हॉल-बिल काही नाही, गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्यांतच. संध्याकाळी परातीत ८१ वाती लावून ओवाळायचं ठरलंय आणि फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण घरात 'खरा कॅमेरा' माझ्याकडे आहे. खरा म्हणजे १० मेगापिक्सेलचा, ३ पट झूमचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा जुना डबा. फोनवर काढ म्हणू नका. फोन समोर धरला की आजीला वाटतं व्हिडिओ कॉल आलाय, ती हात हलवत "जेवलात का?" विचारायला लागते.

शनिवारी रंगीत तालीम केली. खोलीत एकच ट्यूब, तीही पोटमाळ्याच्या आड. समई लावली, आजीला देव्हाऱ्यापुढे बसवलं.

जवळून ऑटो फ्लॅशवर: चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा, चष्म्यात डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके, मागे मिट्ट काळोख. समई पेटलेली होती यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. दाराशी जाऊन झूम करून काढला तर उलटंच, फ्लॅश उडूनही आजी काळवंडलेली.

फ्लॅश बंद करून: रंग काय सुंदर आला! पण १/४ सेकंद शटर, त्यामुळे आजीला चार हात. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० केला तर फोटोवर रवा सांडल्यासारखा.

मला हवंय इतकंच, की वातींचा उजेड उजेडासारखा दिसावा आणि त्यात आजी ओळखू यावी. कोणी म्हणतं फ्लॅशवर टिश्यू पेपर लाव. खरंच उपयोग होतो का? नवा कॅमेरा घ्यायचा नाहीये.

जुनीरीळ:
आधी झूम सोडा. या कॅमेऱ्यांचा फ्लॅश फार तर तीन-साडेतीन मीटर पोचतो, तोही झूम न करता. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. शिवाय झूम केल्यावर भिंगाचं तोंड आकसून एफ २.८ वरून ५.९ वगैरेवर येतं (आकडा मोठा तितकं तोंड लहान), म्हणजे आत येणारा उजेड पुन्हा जवळजवळ चौथाई. दाराशी आजी काळवंडली ती यामुळे. दीड-दोन मीटरवर बसा, झूम शून्य.

आता मुख्य गोष्ट. मेन्यूत 'स्लो सिंक्रो' शोधा, नसेल तर चंद्र आणि माणूस असं चित्र असलेला मोड. यात फ्लॅश क्षणभर उडून चेहरा उजळतो, पण शटर पुढेही उघडं राहून समईचा उजेड गोळा करतं. म्हणून कॅमेरा हातात नको. स्टुलावर डबा, डब्यावर किलोभर तांदळाची पिशवी, तिच्यात कॅमेरा रुतवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. आयएसओ ४०० च्या वर नको. फ्लॅश कमी-जास्त करता येत असेल तर उणे एक करा.

आजींना बजावून ठेवा, फ्लॅश उडाला म्हणजे फोटो झाला असं नाही. सगळे तिथेच हलतात.

पोटमाळ्यावरून:
टिश्यूने उजेड कमी होतो, मऊ होत नाही. मऊ व्हायला उजेडाचं क्षेत्र मोठं लागतं आणि तुमचा फ्लॅश नखाएवढा. त्यापेक्षा मखराच्या सजावटीतला फिका नारिंगी जिलेटिन कागद लावून बघा, नाहीतर वाती पिवळ्या आणि आजी निळसर अशी फारकत होते. ओवाळताना ट्यूब बंदच करा. चष्म्यासाठी समोरून नको, थोडं बाजूने घ्या.

आणि सेल रिचार्जेबल घाला, निकेल-मेटल हायड्राइडचे. साध्या सेलवर फ्लॅश भरायला इतका वेळ लागतो की तोवर ओवाळून ताट खाली ठेवलेलं असतं.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार! चंद्रवाला मोड सापडला. आत्ताच भावाला आजीची शाल गुंडाळून बसवलं. तिसऱ्या फोटोत समईच्या पाचही ज्योती वेगवेगळ्या दिसतायत आणि त्याच्या दाढीचे खुंटही. हलू नकोस म्हटल्यावर श्वाससुद्धा रोखून बसला होता.

एकच लोच्या आहे. मागच्या गोदरेजच्या कपाटाचा आरसा. त्यात फ्लॅशचा गोळा येतो, आणि कपाट हलवायचं तर आधी त्यावरच्या चार बॅगा उतरवाव्या लागतील. आणि धूप लावला तर चालेल का?

जुनीरीळ:
कपाट राहू द्या, आरशावर चादर टाका. धूप फोटो झाल्यावर. भिंगाजवळ धूर आला की फ्लॅश आधी त्यालाच उजळतो.