माडग्याळ कोकरांचा खुराक आणि मिनरल मिक्श्चर – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जत भागातली माडग्याळ जातीच्या मेंढ्यांची नर कोकरं बंदिस्त पाळतोय. नुकतीच दुधावरून तोडलीत, वजनं १५ किलोच्या आसपास. बकरी ईदच्या बाजारासाठी वाढवायची आहेत. सध्या कडबा कुट्टी, थोडा लसूणघास आणि मका भरडा, शेंगदाणा पेंड, गहू भुसा मिळून रोज दीडशे ग्रॅम खुराक देतो. तो ३०० ग्रॅमपर्यंत न्यायचाय. आंत्रविषाराची (दाणा एकदम वाढला की होणाऱ्या आतड्याच्या रोगाची) लस झालीय, तरी एकदम वाढवायला धजत नाही. तुम्ही किती दिवसांत वाढवता?

खरी अडचण पुढेच आहे. दुकानदार गाईंचं मिनरल मिक्श्चर हातात ठेवतो, म्हणे "सगळं एकच!" पण त्यात तांबं जास्त असतं, आणि मेंढीच्या यकृतात ते साठून विषबाधा होते. शेळी एकवेळ सोसते, मेंढी नाही. खास मेंढ्यांसाठीचं मिश्रण कुणी वापरतं का? शिवाय दाणा वाढला की नरांना मूतखड्याचा धोका. त्यासाठी खुराकात चुनखडी पावडर, मीठ किती घालता? अमोनियम क्लोराईड कुणी दिलंय का?

लिव्हर टॉनिकच्या जाहिराती कृपया नकोत. काट्यावर वजन करून फरक पाहिलेल्यांनीच सांगा.