बीडीएसनंतर इंग्लंड की अमेरिका

बहिणीने पुढे इंग्लंडची परीक्षा द्यावी की अमेरिकेची, असं तुम्ही विचारलंय. तिचं बीडीएस (दातांच्या डॉक्टरची पदवी) पुण्यात झालंय, तुमच्या मेव्हण्यांची नोकरी लंडनला आहे. इथे एकांनी ‘ओआरई (परदेशात शिकलेल्या डेंटिस्टसाठी इंग्लंडची नोंदणी परीक्षा) आणि अमेरिकेची आयएनबीडीई (तिथली डेंटल बोर्ड परीक्षा), दोन्हींची तयारी एकदमच करावी’ असं सुचवलंय. मला ते पटत नाही. आयएनबीडीई पास झाली तरी बहुतेक राज्यांत लायसन्ससाठी तिथल्या कॉलेजात दोन-तीन वर्षं पुन्हा शिकावं लागतं आणि त्याची फी प्रचंड असते. घर लंडनला असताना हा खर्च कशासाठी?

इंग्लंडला दोन वाटा आहेत: जीडीसीची (तिथल्या डेंटल कौन्सिलची) ओआरई किंवा रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची एलडीएस ही परीक्षा. ओआरईच्या जागा पटापट भरतात, म्हणून दोन्हींच्या तारखांवर नजर ठेवा.

ओआरईत खरी कसोटी पार्ट टूला, म्हणजे प्रात्यक्षिकाला, मॅनिकिनवर (प्लास्टिकचे दात बसवलेलं नकली डोकं). प्लास्टिकच्या दातात इनॅमल संपून डेंटिन कुठे लागलं ते हाताला कळतच नाही, बर (ड्रिलचं टोक) सरळ आत जातो. आपल्याकडे फँटम हेड, म्हणजे असंच सरावाचं डोकं, सेकंड इयरनंतर सुटतं. त्यामुळे क्लिनिकमध्ये रोज क्राउन (दातावरची कॅप) करणाऱ्यांनाही इथे नव्याने हात बसवावा लागतो. तिला आत्तापासून टायपोडॉंट (सरावासाठीचा नकली जबडा) आणून द्या, शेजारच्या दाताला ओरखडा न काढता प्रेप करायची, म्हणजे दात कोरून तयार करायची, सवय होऊ दे.

कागदपत्रांना मात्र आजच हात घाला. ओआरईला पेशंटवर प्रत्यक्ष केलेल्या कामाचे 1,600 तास दाखवावे लागतात. इंटर्नशिपचे विभागप्रमुख निवृत्त व्हायच्या आत त्यांच्या सह्या घ्या. महाराष्ट्र डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही चालू ठेवा, गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (डॉक्टरवर कारवाई वा तक्रार नसल्याचा दाखला) तिथून मिळतं.