जिमनी ५ डोअर: आधी टायर की आधी लिफ्ट? (बामणोलीकडचा रस्ता आणि पुढे स्पिती)

सातारी_चाकं (प्रश्न)

नमस्कार मंडळी, मारुतीची जिमनी आहे, मॅन्युअल, अजून सगळं कंपनीचंच, टायर पण तेच १९५/८० आर१५ एचटी (डांबरी रस्त्याचे). आता ते झिजत आलेत म्हणून बदलायचेच आहेत तर म्हटलं एकदाच काय ते नीट करू. वापर सांगतो म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल, रोजचं सातारा शहरात, दर आठवड्याला बामणोलीच्या अलीकडे आमचं रान आहे तिकडे जाणं, शेवटचा पट्टा कच्चा, उन्हाळ्यात नुसते दगड आणि पावसाळ्यात लाल चिखल, मध्ये एक ओढा आणि त्याच्या पलीकडे एकदम चढ, त्या चढाच्या डोक्यावर गाडीचं पोट घासतं. पुढच्या सप्टेंबरात मित्रांबरोबर हिमाचलातलं स्पिती करायचं डोक्यात आहे. मागच्या सीटवर बऱ्याचदा आई-बाबा असतात, आईचे गुडघे दुखतात हे पण लक्षात घ्या.

इथल्या एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला सरळ ३ इंच लिफ्ट मारा (उंच स्प्रिंग घालून गाडी वर उचला) आणि २३५/७५ एमटी (चिखलाचे टायर) घाला, दुसरं काही बघूच नका. दिसायला भारी दिसेल हे मान्य, पण मला खरंच गरज आहे का तेवढी? का नुसते २१५/७५ एटी (डांबर आणि कच्चा दोन्हीला चालणारे) घालून भागेल? लिफ्ट करायचीच तर किती? प्लीज ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

गिअरबॉक्स_कोल्हापूर

भावा आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, मग पुढचं सगळं सोपं हाय. जिमनीला पुढं-मागं दोन्हीकडं सलग अॅक्सल हाय (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एकच दांडा), म्हणजे डिफचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा अॅक्सलवरच बसलाय आणि अॅक्सल चाकावर. तू स्प्रिंग कितीबी उंच घाल, वर जातंय ते चेसिस आणि बॉडी. डिफच्या खालची जागा एक मिलिमीटरबी वाढत नाय. ती वाढती फक्त टायरनं. त्यामुळं डिफ दगडाला लागत आसंल तर टायर बघ, आणि पोट लागत आसंल तर लिफ्ट बघ. ही दोन दुखणी येगळी आणि औषधं पण येगळी.

आता टायरचा हिशोब. कंपनीचा १९५/८० म्हणजे टायरची पूर्ण उंची ६९३ मिमी. २१५/७५ घातला तर ७०३, म्हणजे दहा मिमी वाढ, त्यातली निम्मीच खाली मिळती, पाच मिमी. बास. लोकांना वाटतं २१५ घातला की गाडी उंच होती, तसं काय नसतंय, त्याचा फायदा रुंदीचा, खांद्याच्या जाडीचा आणि एटीच्या खाचांचा. २३५/७५ म्हणजे ७३३ मिमी, खाली २० मिमी मिळतात खरं, पण कंपनीची रिम साडेपाच इंची हाय, २३५ ला कमीत कमी सहाची लागती, म्हणजे रिम पण नवीन. वर घेर पावणेसहा टक्के वाढला म्हणजे सगळे गिअर तेवढे लांब झाले. १.५ पेट्रोल, टर्बो नाय, घाटात चौथ्यात चढणारी गाडी तिसऱ्यात मागाय लागती. स्पीडोमीटर १०० दाखवंल तवा गाडी साधारण १०६ ला पळत आसती.

दुकानदारानं सांगितलेलं त्याच्या धंद्याला ठीक हाय, तुझ्या वापराला नाय.

देवरुखची

गिअरबॉक्सदादांना शंभर टक्के अनुमोदन. मी आमच्या इकडच्या जांभ्यावर आणि लाल चिखलात चालवते, आणि तुमचा पावसाळ्यातला प्रश्न मला जास्त टायरच्या नक्षीचा वाटतोय, उंचीचा नाही. लाल चिखलात बहुतेक ठिकाणी वीतभर खाली कडक जांभा असतो, तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली पोचतो आणि पकडतो, जिमनी तिथे जड गाड्यांपेक्षा सहज निघते ती म्हणूनच, तर रुंद टायर घालून तिचा हा गुण घालवू नका. एमटी खरा उपयोगी पडतो तो काळ्या मातीत, देशावर, जिथे एटीच्या खाचा चार फेऱ्यांत भरून टायर गुळगुळीत होतो. एमटीचे ठोकळे मोठे आणि मधली जागा मोकळी म्हणून तो माती फेकून देतो. पण त्याच ठोकळ्यांवर बारीक चिरा कमी असतात आणि ओल्या डांबरावर पकड त्या चिरांमुळे येते. तुम्ही आई-बाबांना घेऊन पावसात यवतेश्वरचा घाट उतरणार, तिथे ब्रेक लावल्यावर एमटी लांब जातो. मी असते तर एमटी अजिबात घातले नसते.

आणि हवा! टायरपेक्षा आधी हवा. ओढ्याच्या अलीकडे गाडी थांबवून चारही चाकांची हवा १८ पीएसआयवर आणा आणि मग तोच चढ चढून बघा. टायर जमिनीवर लांब पसरतो, दगडाला मिठी मारतो, आणि गाडी उड्या मारत नाही. १५ च्या खाली मात्र जायचं नाही, वळताना टायर रिमवरून सुटतो. १२ व्होल्टचा बरा कंप्रेसर घ्या आणि डांबरावर येताच परत भरा, कमी हवेत डांबरावर पळवलं तर टायरची कड तापून फाटते.

उंबरठा_४बाय४

मी जरा वेगळं मत मांडतो, कारण वर सगळे लिफ्टच्या विरोधात चाललेत असं वाटायला लागलंय. प्रश्नकर्त्याने स्पष्ट लिहिलंय की चढाच्या डोक्यावर पोट घासतं. हे ५ डोअरचं ठरलेलं दुखणं आहे. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५९० मिमी, ३ डोअरची २२५०. पुढचा कोन ३६ अंश, मागचा तर ४७ म्हणजे झकास, पण ह्या लांबीमुळे मधला ब्रेकओव्हर (पोट न घासता उंबरा ओलांडायचा कोन) फक्त २४. टायरने ह्यात काही फरक पडत नाही, पाच मिमीने काय होणार. दोन इंची लिफ्टने ढोबळ हिशोबाने तीन-चार अंश मिळतात आणि तेवढ्यात बरेच उंबरे पार होतात. माझी दोन इंची आहे आणि मी समाधानी आहे.

पण लिफ्ट म्हणजे स्प्रिंग बदलले आणि झालं असं नाही हे पण तेवढंच खरं, आणि खरे पैसे तिथेच जातात. गाडी उंच झाली की पॅनहार्ड रॉड (अॅक्सल आडवा सरकू नये म्हणून असलेला दांडा) अॅक्सलला एका बाजूला ओढतो, पुढचा एकीकडे आणि मागचा दुसरीकडे, म्हणजे गाडी तिरकी चालल्यासारखी दिसते, त्याला अॅडजस्ट होणारा रॉड लागतो. पुढे कॅस्टर (स्टिअरिंग सरळ राहायला मदत करणारा चाकाचा कल) कमी होतो, मग हायवेला स्टिअरिंग हलकं होऊन गाडी भरकटते, त्याला कॅस्टरचे वेगळे बुश. शॉक त्याच लांबीचे हवेत, ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण खाली लोंबकळल्यावर ताणल्या जात नाहीत ना हे बघायचं. नुसता स्पेसर (जुन्या स्प्रिंगला लावायचा ठोकळा) टाकून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका, जुना शॉक तसाच राहतो आणि प्रत्येक खड्ड्यात वर येताना ठोका देतो. आणि हेवी ड्युटी लिहिलेले स्प्रिंग घेताना विचार करा, ते बंपर-विंच-रूफरॅक असलेल्या वजनदार गाडीसाठी असतात, रिकाम्या जिमनीत चाक खड्ड्यात उतरायलाच तयार होत नाही.

तीन इंच मात्र नको, प्रॉपशाफ्टचा (अॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढून थरथर सुरू होते.

थार_आणि_मी

थारवाल्यांनी वाचत असाल तर एवढंच, आपलं गणित थोडं वेगळं आहे. नवीन थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे (दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात), पुढचा डिफ चेसिसला बसलाय त्यामुळे लिफ्टने तो खरंच वर जातो, पण ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो आणि त्यावरचं रबरी बूट फाटून ग्रीस उडायला लागतं. मागे सलग अॅक्सल, तिथे वरचाच नियम. जिमनीवाल्यांचा सल्ला जसाच्या तसा थारवर लावू नका.

देवरुखची

उंबरठा, पोट घासतं हे बरोबर, पण नक्की काय घासतं ते आधी बघायला पाहिजे ना. सातारकर, पुढच्या खेपेला तो चढ करून आलात की गाडी धुण्याआधी खाली ताडपत्री टाकून टॉर्च घेऊन आडवे व्हा. ताजा ओरखडा चकचकीत दिसतो, आजूबाजूला गंज आणि सुकलेला चिखल असतो त्यामुळे लगेच कळतं. मागच्या खालच्या आर्मचा चेसिसकडचा ब्रॅकेट घासला असेल तर तो सहन करतो, फार काळजी नाही. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी गिअरची पेटी) किंवा पेट्रोलची टाकी लागत असेल तर मात्र गंभीर. त्यावर लिफ्टच्या आधी खाली जाड पत्र्याचं संरक्षण लावणं हा पर्याय आहे, आणि आईंना चढायला गाडी आहे तेवढीच राहते. दोन इंच वाचायला कमी वाटतात, दुखऱ्या गुडघ्याला विचारा.

आणि रस्ता तुमच्या रानातला असेल तर त्या उंबऱ्याचे दोन-चार दगड बाजूला करणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे.

घाटमाथा

दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहितोय.

एक, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येणार नाही असं सांगितलंय. अपघात झाला की विमावाले हेच आधी बघतात. २१५ सुद्धा कंपनीची साइज नाही हे लक्षात असू दे, १९५/८० मध्येच चांगला एटी मिळाला तर तो सगळ्यात निर्धोक. लिफ्ट केलीस तर विमा कंपनीला लेखी कळव आणि वॉरंटी बाकी असेल तर सस्पेन्शनवर पाणी सोड.

दोन, तो भाग. बामणोली, कोयना, वर कास, हे सगळं जपायचं रान आहे, कास तर २०१२ पासून जागतिक वारशात आहे. मोठे टायर आले की सडे (डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारं) मोकळे दिसायला लागतात, लोक पावसाळ्यात सड्यावर गाड्या घालून गोल फिरवतात आणि त्या बोटभर मातीत उगवणारं सगळं एका चाकोरीत संपतं. ती माती परत यायला आपलं आयुष्य पुरणार नाही. तू रस्त्यानेच जाणारा दिसतोस, तरी वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी कळकळीने सांगतोय, चाकोरी सोडू नका.

स्पितीचं म्हणशील तर तिथे उंचीपेक्षा टायरची कड महत्त्वाची. ग्रांफू, छत्रू, बातल ह्या पट्ट्यात धारदार दगड, टायर मधोमध नाही तर बाजूने फाटतो आणि बाजूचं पंक्चर प्लगने बसत नाही. म्हणून पाचवा टायर त्याच मापाचा, त्याच कंपनीचा हवाच. जिमनीला सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधला) नाही, ४एच-४एल (चारही चाकांना ताकद देणारे गिअर) मध्ये पुढचं-मागचं चाक जोडलेलं असतं, वेगळ्या घेराची स्टेपनी लावून ४ मध्ये चालवली तर ट्रान्सफर केसवर सगळा ताण. कुंझुम खिंडीत साडेचार हजार मीटरच्या वर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असते, टर्बो नसलेलं इंजिन तिथे तेवढंच दमतं, जड एमटी घालून त्याला अजून दमवू नको. वर गेलास की गेजवर हवा चार-पाच पीएसआय जास्त दिसेल, बाहेरचा दाब कमी म्हणून, सकाळी गार असताना बघून मगच सोड.

सातारी_चाकं

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी दुकानात सांगितलं नाही. रविवारी रानात गेलो होतो, १८ वर हवा आणून चढ केला, फरक जमीन-अस्मानाचा, चाक फिरणं बंद झालं. पोट अजूनही घासतं पण ताईंनी सांगितलं तसं खाली बघितलं तर ओरखडा मागच्या आर्मच्या ब्रॅकेटवर आणि थोडा ट्रान्सफर केसच्या खालच्या बाजूला. तर ठरवलंय, पाच एटी, पत्र्याचं संरक्षण आणि कंप्रेसर. लिफ्ट सध्या नाही, स्पितीहून आल्यावर बघू. १९५ मध्ये एटी शोधतोय, नाहीच मिळाला तर २१५. घेताना अजून काय बघू?

गिअरबॉक्स_कोल्हापूर

टायरच्या बाजूला चार आकडे आसतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. पाचीचे बघ, दुकानदार चार ताजे देतो आणि पाचवा जुना खपवतो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आत्ताच्या टायरपेक्षा कमी नको. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण तोडून, एक चाक दगडावर चढवून आत कुठं घासतंय का बघ, सपाट जागेवर हे कळत नाय. पाचशे किलोमीटरनं नट परत आवळ आणि अलाइनमेंट करून घे. आणि खेचायची पाळी आली तर टो बॉलला दोर कधी बांधू नको, तो तुटून उडाला तर माणूस जातंय. चेसिसला बोल्ट केलेला रिकव्हरी हूक पुढं-मागं बसवून घे, टायरच्या दिवशीच.