मदत हवी आहे: जुनं सेसना १७२, लीन करताना ईजीटीच्या शिखराआधीच इंजिन थरथरतं, इंधन जास्त आणि क्रूझचा वेग कमी

नमस्कार मंडळी,

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या हँगरात आमचं एक जुनं सेसना १७२ आहे. एम मॉडेल, १९७४चं. विमान दाजींचं, उडवतो आम्ही दोघं. इंजिन लायकोमिंग ओ-३२०-ई२डी, १५० अश्वशक्ती, कार्बुरेटरवालं. प्रॉपेलर फिक्स्ड पिच, म्हणजे पात्यांचा कोन उडताना बदलत नाही. देखभाल परवानाधारक इंजिनिअर करतात आणि त्यांच्या सहीशिवाय आम्ही कशालाही हात लावत नाही. इथे विचारतोय ते एवढ्यासाठी, की त्यांच्यापुढे नेमकं काय आणि कुठल्या क्रमानं मांडायचं ते कळावं. जुनी इंजिनं वर्षानुवर्षं सांभाळलेले लोक इथे आहेत, त्यांनी जरूर लिहा.

तक्रार अशी. क्रूझमध्ये मिक्स्चर लीन करायला (हवेच्या मानानं पेट्रोल कमी करायला) घेतलं की ईजीटीचा (एक्झॉस्टच्या तापमानाचा) काटा शिखर गाठायच्या आधीच इंजिन थरथरायला लागतं. मिक्स्चरची लाल मूठ परत आत ढकलावी लागते. तिथे इंजिन शांत होतं, पण तासाला ३४ लिटरच्या आसपास इंधन जातं आणि खरा वेग पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा आठ-नऊ नॉटनं कमी पडतो.

आकडे कसे घेतले ते आधी सांगतो, म्हणजे त्यावर वेळ जायला नको. सगळी मोजणी थंडीतल्या सकाळची, हवा शांत असताना. कोल्हापूरकडे जाताना ६,५०० फूट, बाहेरचं तापमान १६ अंश, म्हणजे घनता-उंची (हवेच्या विरळपणानुसार धरायची उंची) ८,००० फुटांच्या थोडी वर. टॅकोमीटरवर मिनिटाला २,५०० फेरे (आरपीएम). वेग जीपीएसवरून, एकमेकांशी काटकोनात तीन दिशांना उडून वारा वजा केलेला. दाखवलेल्या वेगावरून काढलेला हिशेबही त्याच्या जवळच येतो. १९७४च्या विमानाचं पुस्तक ताशी मैलांत आहे, काटाही मैलांतच. तुलना करताना सगळं नॉटमध्ये केलं आहे. इंधन टाकीत काठी बुडवून आणि परत भरताना मोजून घेतलंय, गेजवर विसंबलेलो नाही. चाकांवर फेअरिंग (हवेचा अडथळा कमी करणारी आवरणं) नाहीत, त्याचे दोन-तीन नॉट मी आधीच सोडून दिलेत.

इंधनाचा हिशेब माझ्या मते असा. त्या उंचीला २,५०० आरपीएमवर तक्ता ६४ टक्क्यांच्या आसपास पॉवर दाखवतो, म्हणजे ९६ अश्वशक्ती. नीट लीन केलेलं असं इंजिन प्रत्येक अश्वशक्तीला तासाला साधारण ०.४५ पौंड पेट्रोल खातं. ते झालं ४३ पौंड, म्हणजे २७ लिटरच्या थोडं वर. आमचं ३४ जातंय. मधले सहा-सात लिटर एक्झॉस्टमधून नुसते बाहेर पडतायत.

तुम्ही म्हणाल टॅकोमीटर तपासला का. तपासला, आणि त्यात एक गोष्ट सापडली. हँगरच्या भिंतीवर चोकवाली जुनी ट्यूबलाइट आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दोन पात्यांचा प्रॉपेलर बरोबर १,५०० आरपीएमला फिरत असेल तर दोन लुकलुकींमध्ये तो पाव फेरा मारतो, आणि चार पात्यांची स्थिर फुली दिसते. संध्याकाळी विमान बाहेर उभं केलं, चाकांना ठोकळे, मी कॉकपिटमध्ये ब्रेक दाबून, समोर कोणी नाही. फिरत्या प्रॉपेलरमधून त्या ट्यूबकडे बघत थ्रॉटल हळूहळू पुढे नेला. फुली आधी डावीकडे सरकत होती, मग मंदावली आणि जागच्या जागी थांबली. तेव्हा काटा १,४६० दाखवत होता. नंतर दिवसा ऑप्टिकल मीटर लावून पाहिलं, तेच. म्हणजे आमचा काटा पावणेतीन टक्के कमी दाखवतो, आणि २,५०० म्हणतो तेव्हा इंजिन खरं २,५६५ च्या पुढे फिरत असतं.

यानं इंधनाचं कोडं थोडं सुटतं, वेगाचं उलट वाढतं. खरे फेरे जास्त म्हणजे पॉवर ६८-६९ टक्के धरली, तरी इंधन २९ लिटरच्या आसपास हवं. आणि एवढ्या फेऱ्यांना वेग तक्त्यापेक्षा जास्त हवा, तो कमी आहे!

आता मिक्स्चरबद्दल. ईजीटीचा प्रोब एकाच सिलिंडरवर आहे, मूळ बसवलेला. त्यामुळे बाकीच्या तिघांचं काय चाललंय ते दिसत नाही. माझा तर्क असा, की प्रोब असलेला सिलिंडर इतरांपेक्षा रिच (जास्त पेट्रोलवर) चालतोय. मूठ ओढत गेलं की बाकीच्यातला एखादा आधी लीन होऊन मिसफायर करतो, थरथर येते, आणि प्रोबवाला अजून शिखराच्या खालीच असतो.

मग हा फरक कशामुळे? तीन शक्यता समोर आहेत.

इनटेक पाइपाच्या रबरी जोडण्या जुन्या होऊन कडक होतात आणि तिथून हवा आत शिरते. पण असा लीक आयडलला जास्त जाणवतो, कारण तेव्हा पाइपातलं व्हॅक्यूम जास्त असतं. थ्रॉटल उघडला की त्याचा परिणाम कमी होतो. आमचं आयडल एकदम शांत आहे, आणि पोर्टजवळ निळे डागही नाहीत. म्हणून मी ही शक्यता खाली ठेवलीय.

दुसरी इग्निशनची. लीन मिश्रण पेटायला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून कमकुवत प्लग लीन करतानाच उघडे पडतात. मागच्या तपासणीत खालचे प्लग काढले तेव्हा मी शेजारी उभा होतो. इलेक्ट्रोडच्या खोबणीत राखाडी, मोहरीएवढे शिशाचे मणी बसले होते, इंजिनिअरनी टोकदार सळईनं एकेक उचकटून काढले. हे इंजिन मूळचं ८०/८७ पेट्रोलसाठीचं. १००एलएल पेट्रोलमध्ये त्याच्या चौपट शिसं असू शकतं. त्यात रिच मिश्रणावर लांब टॅक्सी केली की ते खालच्या प्लगवर जमणारच. तेव्हापासून जमिनीवर आम्ही मूठ चांगली बाहेर ओढूनच टॅक्सी करतो, इतकी की थ्रॉटल पुढे नेला तर इंजिन अडखळावं. म्हणजे चुकून लीनवर टेकऑफ होणं शक्यच नाही. प्लग स्वच्छ झाले, गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंचाच्या मर्यादेत, मॅग्नेटोचं टायमिंग २५ अंशांवर. मॅग ड्रॉप (एकेक मॅग्नेटो बंद करून बघताना आरपीएममध्ये येणारी घट) आता छान आहे, तरी हवेतली थरथर तशीच.

तिसरी शक्यता आमच्या अण्णांनी सुचवली. अण्णा एअरफोर्समधून निवृत्त झालेले, सांबऱ्यातच घर, संध्याकाळी हँगरकडे फिरकतात. इंजिन बंद करताना मूठ आयडल कट-ऑफला (पेट्रोल पूर्ण बंद होईपर्यंत) ओढली की बंद पडण्याआधी आरपीएम थोडे वाढतात. ते २५ ते ५० वाढायला हवेत, आमचे शंभरच्या आसपास वाढतात. म्हणजे आयडलला मिश्रण खूप रिच आहे. आमचे इंजिनिअर म्हणाले, आयडल मिक्स्चरचा स्क्रू थोडा फिरवू. अण्णा म्हणाले, "स्क्रू फिरवशीला, पण क्रूझला त्याचा काय उपयोग? आधी प्रायमर बघा की. दांडा लॉक केला तरी आतलं रबर गेलं असलं की पेट्रोल आत ओढत राहतं."

मला हे पटतंय. प्रायमर म्हणजे इंजिन सुरू करताना हातानं पेट्रोल सोडायचा दांड्याचा पंप; त्याचं पेट्रोल थेट सिलिंडरच्या इनटेकला जातं, कार्बुरेटरच्या बाहेरून. तो गळत असेल तर तेवढाच सिलिंडर रिच राहील आणि बाकीचे आधी लीन होतील. आयडलला वाढणारे शंभर आरपीएम आणि हवेतली थरथर, दोन्ही एकाच गोष्टीनं जुळतात.

कार्ब हीट थोडी ओढून बघितली. गरम हवेनं पेट्रोलची वाफ चांगली होते आणि चारही सिलिंडरांत वाटप सुधारतं असं म्हणतात. थरथर थोडी उशिरा येते खरी, पण जात नाही. आणि कार्बुरेटरचा तापमापक नसताना अर्धी हीट ठेवून उडणं मला धोक्याचं वाटतं, विशेषतः पावसाळ्यात. बेळगावला जुलै-ऑगस्टमध्ये वीस-बावीस अंश आणि चिंब हवा, कार्बुरेटरमध्ये बर्फ धरायला याहून सोयीचं हवामान नाही.

हे सगळं मनावर घ्यायचं कारण एप्रिल-मे. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर. पारा ३८ ला गेला की घनता-उंची ५,८०० च्या पुढे जाते. अशा वेळी दोन माणसं, सामान आणि भरलेल्या टाक्या घेऊन उठणं नको वाटतं, म्हणून टाक्या अर्ध्या-पाऊणच भरतो. कोल्हापूर इथून ५०-५२ नॉटिकल मैल, हुबळी उलट्या दिशेला ४०. कोल्हापूरवर ढग बसले आणि निपाणी-संकेश्वरवरून परत फिरून हुबळी गाठायची झाली, तर तासाला २८ लिटर की ३४, याचं उत्तर मला पक्कं माहीत असायला हवं.

तेव्हा विचारतो:

प्रायमर खरंच गुन्हेगार आहे का, हे खात्रीनं ठरवायची सोपी पद्धत कुठली?

लायकोमिंग म्हणतं ७५ टक्के किंवा कमी पॉवरला कुठल्याही उंचीवर लीन करता येतं. आमच्याकडच्या जुन्या शिकवणीत मात्र "पाच हजार फुटांखाली लाल मुठीला हात नाही" असं ठसवलेलं. एप्रिलमध्ये सांबऱ्याहून टेकऑफच्या आधी पूर्ण थ्रॉटलवर, जास्तीत जास्त आरपीएम मिळेपर्यंत लीन करणारे कोणी आहेत का? सिलिंडरच्या तापमानाचा अनुभव सांगा.

चार प्रोबचं ईजीटी बसवण्याआधी अजून काय तपासावं? उद्यमबागेत ओळखीची कारखानदार मंडळी आहेत, कुठलाही बुश शंभरावा मिलिमीटर धरून तासून देतील, पण विमानाला कागदाशिवाय वॉशरही लावता येत नाही. नवा खर्च करायचा तर नीट विचार करूनच.

—

भर, प्रतिसाद वाचून आणि काम झाल्यावर:

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रायमरची नळी इंजिनकडून सोडवून टोपण लावून बघा, असं ज्यांनी लिहिलं त्यांचं ऐकलं. इंजिनिअरनी नळी सोडवली, पेट्रोल चालू ठेवलं, दांडा लॉक. उघड्या टोकाला आधी ओल दिसली, मग थेंब धरला आणि खाली पडला. लॉक असूनही! तोंड बंद करून इंजिन चालवलं तर कट-ऑफला आरपीएम चाळीसच वाढले, स्क्रूला हात न लावता. प्रायमरची रबरी रिंग बदलली, लॉगबुकात नोंद झाली.

मिक्स्चरच्या केबलबद्दल लिहिणाऱ्यांसाठी: कार्बुरेटरवरचा हात दोन्ही टोकांना स्टॉपला नीट टेकतो.

त्यानंतर त्याच उंचीला, तशाच सकाळी उडवलं. काटा शिखरावर जाऊन खाली वळतो, त्यानंतर कुठे थरथर सुरू होते. शिखराच्या रिच बाजूला १०० फॅरनहाइट ठेवलं की वेग सगळ्यात चांगला, शिखरावर ठेवलं की इंधन सगळ्यात कमी. शिखरावर तासाला २८ च्या आत-बाहेर. दाजींनी काठी स्वतः बुडवून बघितली.

आता राहिला वेग. मिश्रण सुधारून दीड-दोन नॉट वाढले, तरी सहा-सात कमीच आहेत. फ्लॅप आणि एलेरॉन बंद स्थितीत पंखाच्या रेषेत आहेत, ते मोजलं. माझा संशय प्रॉपेलरवर. जागेवर उभं राहून पूर्ण थ्रॉटल दिला, काट्याची चूक सुधारली, तर आरपीएम पुस्तकातल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला जातात. फेरे जास्त, वेग कमी, चढाई मात्र झकास. हब्‌वर ७५५३ कोरलंय, म्हणजे ७५ इंच व्यास, ५३ इंच पिच (एका फेऱ्यात पातं जेवढं पुढे जाईल ते अंतर), पण आम्ही घेण्याआधी त्याचं एकदा ओव्हरहॉल झालंय आणि त्या वेळची नोंद त्रोटक आहे. पिच कमी केलं असेल तर त्याच फेऱ्यांना इंजिनवर भार कमी, आणि मग पॉवरचा वरचा माझा हिशेबही थोडा खाली आणावा लागेल.

ज्यांनी फिक्स्ड पिच प्रॉपेलरचे कोन तपासून घेतले असतील त्यांनी सांगा: पाती विमानावरच ठेवून प्रोट्रॅक्टरनं विश्वासार्ह मोजमाप मिळतं, की उतरवून शॉपला पाठवण्यावाचून पर्याय नाही? आणि पिच खरंच कमी निघालं, तर सांबऱ्याच्या उंचीला आणि उन्हाळ्याला चढाईचा फायदा सोडून ते परत ५३ वर न्यावं का? दाजी म्हणतात आहे तसंच राहू दे. मला क्रूझ हवंय. दोन्ही प्रकारे उडवलेल्यांचे आकडे मिळाले तर ठरवता येईल.