आरशाच्या कारखान्यात भावाचं मनगट कापलं, मालक म्हणतो "घरी लागलं म्हणून सांग"

वसईकरीण:
माझा धाकटा भाऊ आरशांच्या कारखान्यात कामाला आहे. गेल्या सोमवारी दोघं मिळून आठ बाय चारचा आरसा टेबलावर चढवत होते, तो मधेच तडकला आणि वरचा तुकडा घसरून याच्या मनगटावर आला. मालकाने शेजारच्या दवाखान्यात नेऊन टाके घातले, बिलही भरलं. पण आता बजावतोय, कुणी विचारलं तर घरच्या खिडकीची काच लागली म्हणायचं. जखम सुकतेय, तरी तर्जनीचं टोक वाकत नाही. सगळे म्हणतात सूज आहे, उतरेल. थांबू का?

जुना_काचवाला:
अजिबात नको, ताई. आजच हाताच्या सर्जनकडे न्या. त्या बोटाचं मधलं पेर धरून ठेवा आणि नुसतं टोक वाकवायला सांगा. वाकलं नाही तर आतला टेंडन (बोट वाकवणारी दोरी) तुटला असण्याची दाट शक्यता. बाहेरून कातडी शिवली म्हणजे तो जुळला असं नव्हे. तुटलेली टोकं मागे ओढली जातात, उशीर केला की जोडणं अवघड. बोट बधिर लागतंय का तेही विचारा, मग नसही (मज्जातंतू) बघावी लागेल.

हातमोजे होते ना? असणारच. तळव्यापुरते, मनगट उघडं! कोपरापर्यंतच्या जाड बाह्या मिळतात, पण त्या घ्यायच्या म्हटलं की मालकांच्या कपाळाला आठ्या. 5 मिमीचा आठ-चार आरसा 37 किलोच्या घरात जातो. ताज्या कापलेल्या काचेची धार घासलेली नसते, ती सगळ्यात वाईट. तडकला की सोडायचा आणि मागे व्हायचं. नवीन पोरं मालकाचं नुकसान नको म्हणून झेलायला जातात.

कामगार_कट्टा:
पगाराच्या स्लिपवर ईएसआयची (सरकारी कामगार विमा) 0.75 टक्के कपात दिसते का बघा. दिसली तर उपचार ईएसआयच्या दवाखान्यात होतील, आणि डॉक्टर विश्रांती देतील तेवढे दिवस सरासरी रोजाच्या 90 टक्के रक्कम मिळते. मात्र अपघात कामावरचा म्हणून नोंदला गेला पाहिजे. "घरी लागलं" एकदा केसपेपरवर चढलं की पुढे भांडत बसाल. मालक कळवत नसेल तर भावाने स्वतः ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी द्यावं. आरशाचं दुसरं टोक धरणाऱ्याचं नावही त्यात घाला.

वसईकरीण:
टोक वाकत नाही, बोटही बधिर आहे. स्लिपवर कपात आहे. पण पहिल्या दवाखान्याच्या कागदावर "घरी" असंच लिहिलंय.

कामगार_कट्टा:
तो कागद फाडू नका. नव्या डॉक्टरांना खरं काय ते सांगा, आणि अर्जात लिहा की आधीचं कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं गेलं.