७२ची एमजीबी जीटी: इंजिन बदलायचंय, रोव्हर व्ही-एट टाकू की एमएक्स-५चं?

चोकओढ्या (लेस्टर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, त्यामुळे काही येडचाप विचारलं तर सांभाळून घ्या.

मूळचा सांगलीचा, गेली ११ वर्षं लेस्टरला. दोन वर्षांपूर्वी १९७२ची एमजीबी जीटी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली, क्रोम बंपरवाली, गडद हिरवी. लहानपणी असली एक गाडी कुणाच्या तरी लग्नात बघितली होती ती डोक्यात बसलेली, बाकी कारण काही नाही. पत्रा बऱ्यापैकी आहे, सिल (दाराखालचा पत्रा) मागच्या मालकाने बदललेत. इंजिन तेच १७९८ सीसी, दोन एसयू कार्बुरेटर, ४ गिअर, ओव्हरड्राइव्ह (इंजिन कमी फिरवणारा वरचा जादा गिअर) नाही.

आता रडगाणं. मोटरवेला सत्तर मैलाला लावली की आत बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, बायकोने तर आता येणंच सोडलंय. चढाला दम लागतो. आणि गेले तीन-चार महिने सिग्नलला उभी राहिली की थरथरते, मध्येच बंद पडते, तेलही खातेय. म्हणून म्हटलं आता या म्हाताऱ्या इंजिनवर पैसे घालण्यापेक्षा बदलूनच टाकू.

दोन पर्याय समोर आहेत. एक जण रोव्हर एसडी१चं ३.५ लिटरचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं इंजिन) विकतोय, सोबत ५ गिअरचा बॉक्स, ९०० पाउंड म्हणतोय. दुसरं म्हणजे ऑफिसमधल्या एकाची गंजलेली एमएक्स-५ (माझदाची छोटी दोन सीटर) पडून आहे, १.८ची, अख्खी गाडीच स्वस्तात मिळेल. माझ्याकडे सिंगल गॅरेज, इंजिन क्रेन मित्राची, वेल्डिंग येत नाही पण शिकायची तयारी आहे. हिवाळ्यात सुरू करून एप्रिलपर्यंत रस्त्यावर आणायचीय. कोणी केलंय का? कुठलं घेऊ? शनिवारी व्ही-एटवाल्याला उत्तर द्यायचंय.

रोव्हरवाला

केलंय. १९७६च्या रबर बंपर बी (म्हणजे एमजीबी) मध्ये, आणि एप्रिलपर्यंत म्हणालास तिथेच हसू आलं, मीही एप्रिलच म्हणालो होतो, फक्त तो पुढच्याच्या पुढचा एप्रिल निघाला.

व्ही-एटबद्दल पहिली गोष्ट, लोक सांगतील की नाक जड होतं, तसं काही नाही. ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे, मूळ अमेरिकन ब्युइकचं डिझाइन, रोव्हरने साठच्या दशकात हक्क घेतले. आठ सिलिंडर असून वजन तुझ्या त्या बिडाच्या चार सिलिंडरच्या आसपासच. त्यामुळेच केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने १९७०च्या सुमारास स्वतःच बी मध्ये हे बसवून विकायला सुरुवात केली आणि मग कंपनीला जाग आली, १९७३ ते १९७६ मध्ये फॅक्टरीनेच २,५९१ जीटी व्ही-एट बनवल्या, १३७ हॉर्सपॉवर. म्हणजे गाडीला हे इंजिन परकं नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे. तुझी ७२ची आहे. १९७४च्या शेवटी रबर बंपर आले तेव्हापासूनच्या सगळ्या बॉडी शेलमध्ये व्ही-एटसाठीची जागा आधीच केलेली असते, तुझ्यात नाही. तुला क्रॉसमेंबर (आडवा आधाराचा दांडा), इंजिन माउंट, स्टिअरिंगचा शाफ्ट, सगळ्याला हात लावायला लागणार. सायलेन्सरचे मॅनिफोल्ड हा वेगळाच नरक, दोन्ही बाजूंना चेसिसचे रेल आणि एका बाजूला स्टिअरिंग, मधून पाइप काढायचा कुठून? पुढे १९९२ मध्ये एमजी आरव्ही८ आली तिच्यात त्यांनी पाइप सरळ आतल्या विंगला भोक पाडून चाकाच्या बाजूला काढलेत, आता बरेच जण तसंच करतात, मीही केलं. पन्नास वर्षं टिकलेल्या पत्र्याला होल सॉ लावताना पोटात कसं होतं ते तेव्हा कळेल. बोनेट बंद होण्याचाही प्रश्न, फॅक्टरीने कार्बुरेटर मागे नेले म्हणून सपाट बोनेट बसलं, कॉस्टेलोने बोनेटलाच फुगवटा दिला.

पुढे डिफ, म्हणजे मागच्या अॅक्सलमधले गिअर. तुझा ३.९ रेशोचा आहे, तोच ठेवलास तर व्ही-एट उगाच ओरडत राहील, फॅक्टरीने ३.०७ दिला होता. मग रेडिएटर, पुढे दोन इलेक्ट्रिक पंखे, ब्रेक, क्लच हायड्रॉलिक, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून आण. ९०० पाउंडाचं इंजिन हा माझ्या एकूण खर्चाचा पाचवा हिस्सासुद्धा नव्हता. हिशोबाची वही आहे, बायकोला दाखवलेली नाही.

चालवायला मात्र... सत्तरला अडीच हजार आरपीएमच्या आसपास, गुरगुरत. मजा आहे राव, खोटं का बोलू.

मिशिगनकरीण

मी एमएक्स-५ पक्षाची 🙂 (इकडे मियाटा म्हणतात). बी मध्ये नाही केलेलं पण माझं रोजचं काम इंजिन कॅलिब्रेशनचं आणि नवऱ्याने त्याच्या जुन्या गाडीत हेच इंजिन टाकलंय, त्यामुळे शिव्या खाण्याचा अनुभव घरात आहे.

चांगलं काय तर इंजिन उभंच (गाडीच्या लांबीत) बसतं, मागच्या चाकाला ड्राइव्ह, ५ गिअर त्याच्याच सोबत, इंजेक्शनमुळे थंडीत चोक ओढत बसायला नको, आणि १.८ला १३० हॉर्सपॉवर, म्हणजे तुझ्या मूळ ९५च्या मानाने भरपूर, डिफ आणि ब्रेकवरही एकदम भार येत नाही.

जिथे माणसं अडकतात ते सांगते. एमएक्स-५च्या गिअरबॉक्सला खाली स्वतःचा माउंट नसतोच! गिअरबॉक्सपासून मागच्या डिफपर्यंत एक लांब अॅल्युमिनियमची फ्रेम असते आणि तिच्यावरच सगळं तोललेलं असतं. तुझ्या बी मध्ये मागे अख्खा सॉलिड अॅक्सल आहे, तो वर-खाली नाचतो, त्याला ती फ्रेम जोडता येणार नाही. म्हणजे गिअरबॉक्सला क्रॉसमेंबर नव्याने बनवायचा. आमच्याकडे हे इंजिन-गिअरबॉक्स आत सोडल्यावर लक्षात आलं, नवरा गाडीखाली झोपलेला आणि गिअरबॉक्स जॅकवर, जॅक काढायचा तर कशाच्या जिवावर काढायचा!

दुसरं इंधन. कार्बुरेटरला पंप जेमतेम प्रेशर देतो, इंजेक्शनला हाय प्रेशर पंप, टाकीला परतीची लाइन, आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी पंप कोरडा पडू नये याची सोय. वायरिंग लूम (सगळ्या वायरांची जुडी) कापू नकोस, अख्खी उचल आणि जेवणाच्या टेबलावर पसरून एकेक वायर चिठ्ठी लावून ओळख, मग नको ती काढ. अख्खी गाडी मिळतेय हा तुझा सगळ्यात मोठा फायदा, सेन्सर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), चावी सगळं एकत्र. इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक लॉक) असेल तर चावीशिवाय काहीही घेऊ नकोस.

खंबाटकीत_गरम (पुणे)

काय रे सांगलीकर, शेजारचाच निघालास की. आमच्याकडं एमजीबी नाही बाबा पण उद्योग तेच केलेत. २००६-०७ला माझ्या पद्मिनीत जिप्सीचं इंजिन टाकलं. सगळे म्हणाले सोप्पंय काका, उभं इंजिन आहे, माउंट दोन वेल्ड मारायचे की झालं. भोसरीत एक फॅब्रिकेटर होता हुशार, त्यानं दोन दिवसात इंजिन बसवलं पण. मग सुरू झालं. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला आणि जिप्सीचा खाली जमिनीतून, मग टनेल काप. पुढचं बाकडं सीट होतं त्याचं वाटोळं, बकेट सीट आणा. जिप्सीची स्पीडोमीटरची केबल लागते ट्रान्सफर केसला, आणि ती तर आम्ही ठेवलीच नव्हती, फोर व्हील कशाला हवंय म्हणून. सहा महिने काटा शून्यावर, बायको म्हणायची बरंय, तुम्हाला कुणी स्पीडचं पकडलं तर दाखवा काटा. आणि जुनाच रेडिएटर ठेवला म्हणून खंबाटकीत चढाला तिसऱ्या वळणावर दर वेळी बोनेट वर. तिथला चहावाला नावानं ओळखायला लागला, त्यावरून माझं इथलं नाव.

तर सांगायचं असं की इंजिन विकत घ्यायच्या आधी पुठ्ठा घे. टीव्हीच्या खोक्याचा चालतो. नव्या इंजिनचं माप घेऊन पुठ्ठ्याचं ढोबळ इंजिन कर, पुढं पंखा, खाली ऑइल चेंबर, बाजूला मॅनिफोल्ड, आणि ते बोनेटखाली धरून बघ. ज्या गोष्टी इंजिनला चिकटून येतात त्या सगळ्या एका कागदावर लिही: पाणी, पेट्रोल, धूर, वीज, क्लच, गिअरचा दांडा, स्पीडोमीटर, मागचा डिफ. प्रत्येकापुढं "कोण करणार" लिही. जिथं "बघू" लिहिशील तिथं तुझा एप्रिल जाईल.

आणि कागदपत्रं बघ आधी. आमच्याकडं २०२१पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी व्हिंटेज नोंदणी निघालीय, तिला चेसिस, बॉडी शेल, इंजिन मूळचं लागतं, मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. माझी पद्मिनी वयात बसेल तेव्हासुद्धा बसणार नाही. तेव्हा जिप्सीचा माज होता, आता जुनं इंजिन शोधतोय.

रोव्हरवाला

काका 😂 चहावाला!

कागदपत्रांचं बरं आठवलं. इकडे ४० वर्षांवरच्या गाडीला टॅक्स माफ, एमओटीही (गाडीची वार्षिक तपासणी) माफ, पण एमओटीची माफी गेल्या ३० वर्षांत मोठा बदल केला नसेल तरच. त्याच मूळ इंजिनची कमी-जास्त सीसी किंवा त्या मॉडेलला कंपनीनेच दिलेलं दुसरं इंजिन चालतं. सिलिंडरची संख्या बदलली की शंका घेतात, पण जीटीला व्ही-एट फॅक्टरीतून यायचं त्यामुळे तिथे बाजू मांडता येते. एमएक्स-५च्या इंजिनला ते नाही. मी तर दरवर्षी एमओटी करूनच घेतो, आपण वेल्ड केलेल्या गोष्टीकडे दुसऱ्या कुणीतरी बघितलेलं बरं. इंजिन नंबर डीव्हीएलएला (इथलं आरटीओ) कळवून व्ही५सी (आपलं आरसी बुक) वर बदलून घ्यायचा, आणि इन्शुरन्सला आधी फोन, नंतर नाही.

तेल_गळतंय_म्हणजे_आहे

सगळ्यांनी उत्तरं दिली पण प्रश्न कुणी वाचला का?

ओव्हरड्राइव्ह नसलेली बी चौथ्या गिअरला हजार आरपीएमला साधारण १८ मैल जाते. सत्तरला किती झाले? ३,९००. कुठलंही इंजिन ३,९००ला ओरडेलच की. म्हणजे भावा तुझी पहिली तक्रार इंजिनची नाहीच, पाचव्या गिअरची आहे. ओव्हरड्राइव्हचा बॉक्स शोध नाहीतर फोर्ड सिएराचा टाइप ९ गिअरबॉक्स, बी ला बसवायचं किट तयार मिळतं, पाचवा ०.८२च्या आसपास, सत्तरला ३,२०० होतील. बायको परत बसेल.

दुसरी तक्रार, थरथर आणि मरणं. कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) बघितलंस का? गेज वीस पाउंडात येतो. इंजिन गरम कर, चारही प्लग काढ, कॉइलची वायर काढ, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला कुणाला तरी बसव आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरव. चारही आकडे इथे टाक. कमी येईल त्यात चमचाभर तेल सोडून परत घे. मग ठरवू तुझं इंजिन म्हातारं आहे का नुसतं सर्दी झालीय. त्याआधी शनिवारी कुणाला पैसे देऊ नकोस.

चोकओढ्या (लेस्टर)

सगळ्यांचे आभार, काका तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली, ती म्हणाली त्या काकूंशी बोलायचंय.

आज सकाळी गेज आणला. बायकोलाच अॅक्सिलरेटरवर बसवलं (गाडीत बसली तरी एकदाची). आकडे पुढून मागे असे: १६०, १०५, १००, १५५. तेल घालून २ आणि ३ परत घेतले, ११० आणि १०५, म्हणजे काहीच फरक नाही. तीनवेळा केलं कारण मला वाटलं माझंच चुकतंय.

तेल_गळतंय_म्हणजे_आहे

अरे हे तर पाठ्यपुस्तकातलं आहे! शेजारशेजारचे दोन, दोन्ही सारखेच कमी, तेलाने वाढत नाहीत म्हणजे पिस्टनच्या रिंगा नव्हेत. २ आणि ३च्या मधे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय, एकाची हवा दुसऱ्यात. आयडलला थरथर त्याचीच. टोकाचे दोन्ही १५५-१६० आहेत म्हणजे खालचं इंजिन काही वाईट नाही रे, विकायला काय निघालास. तेल खातंय ते बहुधा व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी), हेड उतरल्यावर दिसेलच.

हेड उतरव, मशीन शॉपला देऊन सपाट आहे का बघून घे, दोन सिलिंडरच्या मधे पट्टी जळलेली दिसेल. गाइड आणि एक्झॉस्टचे कडक व्हॉल्व्ह सीट त्याच वेळी बसवून घे, लेडचं पेट्रोल इकडे २०००पासून बंद आहे आणि कुणी सीट बदललेत याचा तुझ्याकडे कागद नाही. नट आतून बाहेर, क्रमाने, दोन-तीन टप्प्यात, ४५ ते ५० फूट-पाउंड. टप्पेटचा गॅप परत लाव. थोडं चालवून नट पुन्हा बघ.

क्लच बदलायचा तरी बी मध्ये इंजिन बाहेर काढावंच लागतं, त्यामुळे सिएराचा बॉक्स टाकायचा ठरवलंस तर त्याच वेळी क्लच आणि रिलीज बेअरिंग नवं. क्रेन मित्राची आहेच.

मिशिगनकरीण

आमची एमएक्स-५ हरली 😔 पण ती अख्खी गाडी स्वस्तात मिळतेय ना, तीच दुरुस्त करून चालव की.

चोकओढ्या (लेस्टर)

ताई ती खालून इतकी गंजलीय की जॅक लावला तर जॅक आत गेला.

व्ही-एटवाल्याला फोन करून सॉरी म्हटलं, तो म्हणाला काही हरकत नाही, अजून दोघं एमजीबीवालेच रांगेत आहेत. आज दुपारी हेड उतरवलं, दोन तास लागले, त्यातला एक तास एका मॅनिफोल्डच्या नटला गेला. गॅस्केटला २ आणि ३च्या मधे करंगळीच्या नखाएवढा भाग नाहीच, काळा पडून उडून गेलाय. हेड सोमवारी मशीन शॉपला. सिएराचा बॉक्स शोधतोय, कुणाच्या बघण्यात असेल तर सांगा, बेलहाउसिंगसकट (बॉक्स इंजिनला जोडणारं कव्हर).