ताडपत्रीने अर्धाच प्रश्न सुटतो

हायवावर, म्हणजे कोळसा वाहणाऱ्या मोठ्या डंपरवर, ताडपत्री घट्ट बांधली की कोळशाच्या वाहतुकीचा त्रास संपला, असं या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय. ताडपत्री हवीच, पण रस्त्यावर आधी सांडलेली भुकटी चाकांखाली दळली जाते आणि प्रत्येक गाडीमागे पुन्हा उठते. खाणीच्या फाटकावर चाकं धुतल्याशिवाय आणि रस्ता ओला करून झाडल्याशिवाय ती थांबत नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राला कोळसा रेल्वेने येतो, म्हणून विदर्भातल्या वणी-घुग्घुस या कोळसा खाणींच्या भागातल्या लोकांचे हाल आपल्याला नाशिकमध्ये नीट कळत नाहीत. वीज केंद्राच्या राखेची वाहतूक मात्र आपल्याकडेही रस्त्यानेच होते, त्यामुळे हा विषय परका नाही.

आवाजाबद्दल इथे कुणी बोललंच नाही. माझी बहीण वणीजवळ दिली आहे. तिच्याकडे मुक्कामाला गेलो की रात्री झोपमोड होते ती भरलेल्या गाड्यांपेक्षा रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांनी. खड्ड्यात गाडीचा मागचा फाळका असा आदळतो की तान्हं मूल दचकून उठतं. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबल आहे, पण ती सरासरीवर मोजतात. एकेका दणक्याची तीव्रता त्या सरासरीत विरून जाते. मोजणी होईल तेव्हा कमाल आवाजाची नोंदही गावकऱ्यांनी मागायलाच हवी.